आत्याआजीची परडी माझ्याकडे येतेय. नको म्हणायचं कसं?

बार्शीकडची
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमचं गाव बार्शी तालुक्यातलं. कुलस्वामिनी तुळजाभवानी. घरात देवीची परडी (जोगवा मागायची टोपली) आहे, पणजीच्याही आधीपासूनची. आमच्याकडची रीत अशी की परडी सुनेकडे जात नाही, घरातल्या थोरल्या लेकीकडे जाते. आतापर्यंत ती वडिलांच्या आत्याकडे, म्हणजे माझ्या आत्याआजीकडे होती. नवऱ्यानं टाकल्यावर ती माहेरी आली ती कायमचीच. गळ्यात कवड्यांची माळ, मंगळवार-शुक्रवार अनवाणी पाच घरी जोगवा, आणि डोक्यावर जट. गेल्या पौषात ती गेली.

रीतीप्रमाणे परडी माझ्या सख्ख्या आत्याकडे जायची. तिला सांधेदुखी आहे, म्हणून देवीला कौल लावला आणि कौल माझ्या नावानं आला. मी २६ वर्षांची, हिंजवडीत नोकरी, तिघींत मिळून भाड्याचा फ्लॅट.

खरी गोची पुढे आहे. उन्हाळ्यात मला टायफॉइड झाला. अंथरुणातून उठवत नव्हतं, वेणीफणी कोण करणार? मागच्या बाजूला केसांचा गुंता झाला. आत्या भेटायला आली, तिनं तो बघितला, हळद-कुंकू लावलं आणि म्हणाली, 'आईनं खूण दिली. आता फणी लावायची नाही.' बाबा म्हणाले, नवरात्रापर्यंत राहू दे, घटस्थापनेला गावी परडी भरू, मग बघू. मी अशक्त होते, हो म्हटलं. आता तो गुंता मुठीएवढा कडक झालाय. पावसात वाळत नाही, वास येतो. उताणं झोपता येत नाही. हेल्मेट बसत नाही, त्यामुळे स्कूटर बंद आणि रोज रिक्षाला पैसे.

देवीवर माझा राग नाही. लहानपणी आत्याआजीच्या मागे मागे 'आई राजा उदो उदो' करत मीच फिरायचे. पण मला हे आयुष्य नकोय. घरी कसं सांगू? कोणी असं काही मोडलंय का? मोडल्यावर काय झालं?

धागाभेदी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शंभरी नक्की.

चकलीतोड
आधी एक विचारते. आत्याला सांधेदुखी म्हणून सूट मिळते, मग तुला टायफॉइड म्हणून का नाही?

निवांत_नाना
चकलीतोड, विनोद सुचतोच तुम्हाला.
बार्शीकडची, तुझ्यापेक्षा वयानं बराच मोठा आहे म्हणून अगं-तुगं करतोय. कुळाचार हे ओझं नसतं, आपण कुठून आलो याची ती खूणगाठ असते. आमच्या घरी बोडण आहे. पुरण, दूध, दही, तूप, मध, सगळं परातीत एकत्र करून सुवासिनी आणि कुमारिका मिळून कालवतात. बाहेरच्याला विचित्रच वाटेल. पण त्या एका दिवसासाठी ठाण्या-नाशिकाची पोरंबाळं घरी येतात. तेही बंद झालं की भावंडं फक्त श्राद्धाला भेटतील. लगेच तोडायची भाषा करू नकोस एवढंच म्हणणं.

रानजाई
नाना, तुमचं बोडण वर्षातून एक दिवस. हिची परडी आठवड्यातून दोन दिवस, जन्मभर. आणि परातीत हात घालून मोकळ्या झाल्यावर तुमच्या घरच्या बायका हात धुतात ना? हिनं डोकं धुवायचं नाही म्हणतायत.

कोल्लापुरी_कट्टा
ताई, आमच्याकडं ह्यो प्रकार लई हाय. यल्लमाचा. पोरीच्या केसात जरा गुंता दिसला की लिंब नेसवा, सौंदत्तीला न्या, देवीला सोडा. माझ्या आज्ज्याच्या बहिणीला तसंच सोडलेली. शाहू महाराजांनी १९२० सालीच जोगतीण-मुरळ्या सोडायच्या चालीविरुद्ध कायदा केला होता. करवीर संस्थानात! तरी आमच्या शेजारच्या गल्लीत जटवाल्या म्हाताऱ्या मी माझ्या डोळ्यांनी बघितल्यात. एकीची कमरंच्या खाली आलेली. मान वाकडी झालेली बिचारीची. झोपताना जट उशाला घेऊन झोपायची.
तू काय ऐकू नको कुणाचं. काप.

उदो_उदो
वरच्या प्रतिसादात दोन गोष्टींची गल्लत झालीय. तुळजापूरची परडी आणि यल्लमाला मुली सोडणं हे एक नव्हे. परडी घेतलेली बाई संसार करते, तिला मुलंबाळं असतात. पुरुषही आराधी, म्हणजे परडी घेतलेले देवीचे भक्त, असतात. मी स्वतः परडी घेतलेली आहे, तेव्हा माहिती असून सांगतेय.

सासूबाईंच्या मागे माझ्याकडे आली. मी पुण्यात सोसायटीत राहते, बँकेत नोकरी केली, आता निवृत्त. सुरुवातीला मलाही धडकी भरली होती. मग तुळजापूरला आमच्या उपाध्यांनाच विचारलं. ते म्हणाले, जमेल तसं करा, आईचं काही म्हणणं नसतं. आता मी फक्त नवरात्रात जोगवा मागते, तोही आमच्याच इमारतीत. आदल्या दिवशी ग्रुपवर निरोप टाकते. चौथ्या मजल्यावरच्या पंजाबी काकूंनी पहिल्या वर्षी परडीत काजू-बदाम घातले होते. त्यांना सांगितलं, पीठ-मीठ घाला हो, बदामाचा जोगवा कुणी ऐकलाय! तर पुढच्या वर्षी त्यांनी कणीक दिली आणि वर बदाम वेगळे दिले.
माझ्या केसांचा बॉबकट आहे. जट वगैरे काही आलेली नाही.

धागाभेदी
बदामाचा जोगवा! उदो_उदो मावशी, तुमची सोसायटी कुठली? भाड्यानं फ्लॅट मिळेल का?

बार्शीकडची
@उदो_उदो, फार बरं वाटलं वाचून. पण आमच्याकडे 'जमेल तसं' नाही. आत्याआजी होती तसंच सगळं हवंय. केस कापायचे नाहीत, नवरात्रात नऊ दिवस गावी, परान्न नाही. म्हणजे ऑफिसच्या कँटीनला जायचं नाही. मी म्हटलं, मेसचं चालेल का, तर बाबा विचारात पडले.

@चकलीतोड, तुम्ही लिहिल्यापासून तेच डोक्यात फिरतंय.

प्लास्टरऑफपॅरिस
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, म्हणून फक्त केसांबद्दल बोलते. अशा गुंत्यात दैवी काही नाही. बरेच दिवस विंचरलं नाही, धुतलं नाही, त्यात घाम, तेल, हळद-कुंकू, कोंडा, की केस एकमेकांत अडकून नमद्यासारखे घट्ट होतात. आजारपणात अंथरुणाला खिळलेल्या माणसांत हे सर्रास दिसतं. आत उवा होतात, बुरशी होते, टाळूला जखमा होतात आणि वरून दिसत नाहीत. जट वाढली की मानेवर वजन येतं.

वैद्यकात याला प्लायका पोलोनिका म्हणतात, म्हणजे पोलंडची जट. हो, पोलंड! तिथल्या खेड्यापाड्यांतही हुबेहूब हाच समज होता. आजार जटेत उतरतो आणि ती कापली तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो, मरतो, वगैरे. क्राकोच्या युझेफ डिटल नावाच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात याविरुद्ध रान उठवलं. पुढे ते त्या शहराचे महापौर झाले. तिकडे ना यल्लमा ना भवानी, तरी जटा होत्याच. फणी आणि साबण पोचल्यावर गेल्या.

बार्शीकडची, तुझा गुंता काही महिन्यांचाच आहे, थोडा तरी सुटेल. खोबरेल नाहीतर कंडिशनर भरपूर लावून मुरू द्यायचं, खालच्या टोकाकडून एकेक बट दाभणानं किंवा जाड सुईनं मोकळी करायची. एका बैठकीत होणार नाही. टाळूपाशी लाल, ओलं, दुखरं दिसलं तर आधी डॉक्टरला दाखव. ताप वगैरे आला तर थांबू नकोस.

निवांत_नाना
पोलंडचं माहीत नव्हतं. रोचक आहे. डॉक्टरबाई, सवडीनं स्वतंत्र धागा काढा यावर.

पूर्वजांचं_विज्ञान
आपल्या पूर्वजांनी प्रत्येक गोष्ट विचार करूनच ठरवली होती. जटेतून वैश्विक ऊर्जा ग्रहण होते. ऋषीमुनींना जटा का असत याचा विचार करा. पाश्चात्त्य डॉक्टरांना हे कळणार नाही.

चकलीतोड
वैश्विक ऊर्जा ग्रहण होते तर हिचं हेल्मेट का बसत नाही?

रानजाई
आणि ही ऊर्जा बायकांच्याच डोक्यावर का उतरते तेही सांगा. तुमच्या आयडीवरून तुमचे केस नीट कापलेले असावेत असा माझा कयास आहे.

वकील_पण_तुमचा_नाही
कायद्याचं विचारलेलं नाही तरी सांगतो, कारण पुढे कोणीतरी विचारणारच. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला. ते त्यासाठी कित्येक वर्षं झगडत होते. या कायद्यात जट हा शब्द नाही. पण अंगात दैवी शक्ती असल्याचं भासवून दुसऱ्याला भीती घालणं, ऐकलं नाहीस तर वाईट होईल अशी धमकी देणं हे त्यात बसतं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. नुसती श्रद्धा, पूजा, जोगवा, वारी यांना हा कायदा हात लावत नाही.
तेव्हा परडी ठेवणं गुन्हा नाही. आत्यावर तक्रार करायला कोणी सुचवलं तर ऐकू नकोस. पोलीस चौकीत गेलेलं घरचं भांडण घरी परत येत नाही.

मला दुसरंच विचारायचंय. आत्याआजीच्या वाटणीची जमीन कुणाच्या नावावर आहे?

बार्शीकडची
म्हणजे?

वकील_पण_तुमचा_नाही
म्हणजे सातबारा बघितला आहेस का?

बार्शीकडची
आताच आईला फोन केला. आत्याआजीचं नाव कधी लागलंच नव्हतं. आत्यानं हक्कसोड दिली आहे, माझा जन्म व्हायच्या आधीच. 'भावांचा राग नको' म्हणून. आणि धाकट्या भावाचं नाव गेल्या वर्षी बाबांनी शेतीत लावायला काढलंय. माझं विचारलं तर आई म्हणाली, तुला काय करायची जमीन, तू लग्न होऊन जाणार.

रानजाई
घ्या! परडी द्यायची वेळ आली की लेक घरची, आणि जमीन द्यायची वेळ आली की परक्याची. आत्याबाईंनी हक्क सोडला तेव्हा कौल लावला होता का हो?

वकील_पण_तुमचा_नाही
मला तेवढंच दाखवायचं होतं. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलगी मुलासारखीच जन्मानं हिस्सेदार आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेही स्पष्ट केलं की २००५ साली वडील हयात होते की नव्हते यानं फरक पडत नाही. लगेच दावा लाव असं म्हणत नाही. पण घरी बोलणं होईल तेव्हा 'थोरल्या लेकीचा मान' हा शब्द निघणारच. तेव्हा हे हाताशी असू दे.

निवांत_नाना
जमिनीचा विषय काढून पोरीचं घर फोडू नका राव. ती केस कसे सोडवू विचारतेय, तुम्ही तिला तहसीलदार कचेरीत नेऊन बसवलंत.

कोल्लापुरी_कट्टा
नाना, ती केस कसे सोडवू असं विचारतच नाहीय. घरी कसं सांगू विचारतीय. वकीलसायबांनी मुद्द्याचं सांगितलं की.

लेस्टरची_माई
उशिरा आले. पस्तीस वर्षांपूर्वी अशीच एक चाल मोडून बाहेर पडले, म्हणून लिहिते.
आमचं घर जेजुरीच्या खंडोबाचं. नवसानं झालेली मुलगी म्हणून मला भंडारा लावून देवाची केलेली. मुरळी केली नाही, वडील शिक्षक होते, तेवढं तरी कळत होतं. पण 'देवाची' म्हणून लग्नाच्या बोलण्यात मला मागे ठेवायचे. माझ्या पाठच्या दोघींची लग्नं झाली. चंपाषष्ठीला तळी भरताना, लंगर तोडताना मला पुढे उभी करायचे आणि बायका पाया पडायच्या. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला कसं वाटत असेल? छान वाटायचं! हे कुणी सांगत नाही. वर्षातून एकदा सगळा गाव तुमच्या पाया पडतो आणि एरवी कुणी विचारत नाही, त्या एका दिवसाची चटक लागते.

मी नर्सिंगला गेले, नोकरीत ओळख झाली, रजिस्टर लग्न केलं. वडील अकरा वर्षं बोलले नाहीत. आई चोरून पत्रं लिहायची, पोस्टात दुसऱ्याच्या हातानं टाकायची. कोप वगैरे काही झाला नाही. पण घरात जे जे वाईट झालं, धाकट्या भावाचा अपघात, विहीर आटली, ते सगळं माझ्या नावावर जमा झालं. ते ऐकायची तयारी ठेव. देवी काही करणार नाही, माणसं हिशोब ठेवतील.
वडील शेवटी बोलले ते माझ्या मुलीच्या बारशाला. काय बोलले? 'पाळणा आमच्यात बांधत नाहीत.' बस.

धागाभेदी
माई, शेवटच्या ओळीला हसू की रडू कळेना.

चकलीतोड
आमच्यातही पाळणा नाही! झोळी. आणि पापड लाटायचे नाहीत, कारण कोणे एके काळी कुणा सुनेला पापड लाटताना वाईट बातमी आली. शेजारणीच्या घरी बसून लाटले तर चालतात. माझी आई दरवर्षी दोन पायल्यांचं पीठ शेजारी नेऊन सगळे पापड लाटून घरी आणते. म्हणजे कुळाचार पाळला जातो तो फक्त भिंतीच्या अलीकडे.

उदो_उदो
आमच्या माहेरी सांडगे नाहीत. कारण कोणालाच माहीत नाही. मला वाटतं कुणा पूर्वजाला आवडत नसावेत.

प्लास्टरऑफपॅरिस
माझ्या सासरी घरच्या बाईनं लोणचं घालायचं नाही. त्यामुळे माझे सासरे घालतात, आणि उत्तम घालतात. या चालीविरुद्ध माझी तक्रार नाही.

निवांत_नाना
धागा भरकटला. बार्शीकडची, तू आहेस का?

कोल्लापुरी_कट्टा
जोवर ती येतीय तोवर सांगतो. आमच्या शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव हाय. २०२२ साली तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. पहिलंच गाव महाराष्ट्रात. मग सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाबी तसंच करा म्हणून कळवलं. मुद्दा काय, एकटीनं मोडलं की ती वाईट ठरती, गावानं मोडलं की ठराव होतो. ताई, घरात तुझ्या बाजूनं अजून कोण हाय बघ. एक जरी माणूस मिळालं तरी निम्मं काम झालं.

रानजाई
हा प्रतिसाद चौकटीत लावायचा.
पुण्यात असशील तर अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) लोकांशी बोल. नंदिनी जाधव यांनी शेकडो बायकांच्या जटा सोडवल्यात. त्या मूळच्या पार्लर चालवणाऱ्या, त्यामुळे हात सराईत. घरच्यांशीही आधी बोलतात असं वाचलंय. 

बार्शीकडची
आहे, वाचतेय सगळं. इतकं लिहाल असं वाटलं नव्हतं. पापडांवर खूप हसले.

मधे मी एका पार्लरमध्ये गेले होते. ताईंनी केस मोकळे केले, बघितलं आणि हात मागे घेतला. 'हे देवीचं आहे, मी नाही हात लावणार.' वर माझ्याच पाया पडल्या! लेस्टरची_माई, तुम्ही लिहिलंय तसं मला छान नाही वाटलं, घामच फुटला. पन्नाशीच्या बाई हो. बाहेर आले आणि ठरवलं की नवरात्रापर्यंत थांबायचं नाही.

गावी जाऊन आले. आई, बाबा, आत्या, मोठी काकू, सगळे होते. जमिनीचं काढायचं नाही असं ठरवून गेले होते. पण आत्या म्हणाली, 'हा थोरल्या लेकीचा मान असतो.' मग निघालंच. बाबा उठून गोठ्याकडे गेले. आत्या रडायला लागली. म्हणाली, मला पण नको होती गं परडी. सांधे दुखतात ते खरं आहे, पण तेवढंच नाही.

मग मोठी काकू बोलली. ती कधी बोलत नाही. घरात तिचा आवाज फक्त 'जेवायला चला' एवढाच. आत्याआजीला तीही आत्याच म्हणायची. म्हणाली, 'आत्यांना शेवटची किती वर्षं चालवत नव्हतं? मंगळवार-शुक्रवार जोगवा कोण आणत होतं? त्यांचीच माळ घालून मीच जात होते की, अंधार पडल्यावर, मळ्याकडच्या घरांना. आत्या म्हणाल्या होत्या, कुणाला सांगू नको, सुनेला चालत नाही.' मळ्याकडच्या पाचही घरांना माहीत होतं. फक्त आमच्या घराला नव्हतं.

कोणी काही बोललंच नाही मग. काकूनं उठून चहा टाकला.

चकलीतोड
!!!

उदो_उदो
डोळ्यांत पाणी आलं. बघ, आईनं घेतलाच ना सुनेच्या हातचा जोगवा. इतकी वर्षं घेतला. आणि नाहीतरी आई स्वतः वर्षातून तीनदा पलंगावर झोपते, भाद्रपदात, दसऱ्यानंतर आणि पौषात. पलंग नगरहून येतो. देवीला रजा असते, तुम्हाला नको?

निवांत_नाना
मग आता परडी काकूंकडे रीतसर द्यावी. प्रश्नच मिटला.

रानजाई
नाना, काकूंना विचारलंय का कुणी, हवी आहे का? इतकी वर्षं अंधारात अनवाणी फिरवलंत बाईला, आता उजेडात फिरवा!

बार्शीकडची
रानजाई, तेच मी विचारलं. काकू म्हणाली, 'मला आवडतं गं. तेवढाच तास दीड तास घराबाहेर पडायला मिळतं. मळ्यातल्या बायका बसवून घेतात, चहा देतात.' तिला परडी हवी आहे. चप्पल घालून जाणार म्हणाली, टाचांना भेगा पडल्यात. बाबांचा नकार आहे, म्हणतात भावकीत काय सांगायचं. आत्या मधे आहे. नवरात्राला अजून अवकाश आहे, बघू.

माझ्याशी बाबा बोलत नाहीयेत. जमिनीवरून की परडीवरून ते कळायला मार्ग नाही. आई म्हणते, दोन्ही.

लेस्टरची_माई
फोन करत राहा. उचलला नाही तरी. माझ्या वेळी फोन नव्हता.

पूर्वजांचं_विज्ञान
एका प्रथेचा अशा प्रकारे शेवट होताना बघून वाईट वाटतं. काकूंना परंपरेचं ज्ञान आहे का? विधी, संकल्प, नियम?

कोल्लापुरी_कट्टा
शेवट कुठं झाला ओ? काकू करतायत की. आन् ज्ञानाचं म्हणाल तर पाच घरं, दोन वार, पावसापाण्यात. अजून कसलं ज्ञान पायजे?

प्लास्टरऑफपॅरिस
आणि केस? मुख्य रुग्ण राहिला बाजूला.

बार्शीकडची
केस! परवा रविवारी दोघी रूममेट आणि मी, सकाळपासून बसलो. तुम्ही सांगितलं तसंच, खोबरेल रात्रीच चोपडून ठेवलं होतं. एक रूममेट तमिळ आहे, तिच्याकडे मोगऱ्याचे गजरे ओवायची लांब सुई होती, ती कामी आली. खालचा भाग बराच सुटला. आतून काय काय निघालं ते लिहीत नाही, जेवणाची वेळ आहे. कुंकवाचा तर थरच. टाळूलगतचा गोळा मात्र दगडासारखा, तो कापावा लागला. तिथे केस आता बोटभर आहेत, वरून क्लिप लावते. टाळूवर दोन फोड होते, डॉक्टरला दाखवले, मलम दिलंय.
कापताना हात थरथरला. रूममेटनं कात्री घेतली आणि कापून टाकलं, तिला काय, तिची देवी वेगळी.
हेल्मेट बसतंय. आज स्कूटरवर गेले.

धागाभेदी
अभिनंदन! पेट्रोलचा खर्च धाग्यावर टाकू नये.

निवांत_नाना
मला सगळंच पटलंय असं नाही. परडी इतक्या घाईनं नाकारायला नको होती असं अजूनही वाटतं. पण जट कापलीस ते बरं केलंस. एक विचारतो, कापलेली जट काय केलीस? आमच्याकडे असलं काही नदीत सोडतात.

प्लास्टरऑफपॅरिस
नाना, मुठेत आधीच काय कमी आहे?

बार्शीकडची
अजून बाल्कनीत पेपरात बांधून ठेवलीय. टाकायची म्हणून काढली तर ओला कचरा की सुका यावरून आमच्यात वाद झाला. सकाळी कचरावाल्या ताई वेगळं केलेलं नसलं तर घेत नाहीत. त्यांना यात काय आहे ते सांगू की नको?

उदो_उदो
नको सांगू. त्याही पाया पडतील.

चकलीतोड
सुका. केस सुक्यात जातात. पण तू दोन महिने वाळत नाही म्हणून रडत होतीस, तेव्हा आधी उन्हात ठेव.